डबी सोड, ती पाच मिनिटं सोडू नकोस

पत्र :

डॉक्टर ताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातली. वय २६. लग्नाला तीन वर्षं झाली, आता पाचवा महिना चालू आहे. चौदा वर्षांची असताना दाढ दुखायला लागली, तेव्हा आईनं मिश्री लावायला दिली. ती आजतागायत सुटली नाही. सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, रानातून आल्यावर आणि रात्री झोपताना, अशी चार-पाच वेळा लागते. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. दिवस गेल्याचं कळल्यावर दोनदा बंद करून बघितली. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी डोकं असं चढलं की पुन्हा डबी उघडली. सासूबाई म्हणतात, "म्या तीन बाळंतपणं मिश्री लावूनच काढली. तिन्ही पोरं हायत का न्हाय धडधाकट?" आमचे हे आधी बिडी ओढायचे, आता तंबाखू मळतात. म्हणतात, धूर सोडला म्हणजे निम्मं व्यसन सुटलं. बाळाला खरंच काही होतं का? तपासणी करतात त्या डॉक्टरीणबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्या रागावतील असं वाटतं. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी आहे.

– एक वाचक

उत्तर :

तू मला ताई म्हणालीस, म्हणून मीही तुला अगं-तुगंच करते.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण हातात पंधराच दिवस आहेत. हो, बाळाला त्रास होतो. मिश्री म्हणजे भाजून काळा केलेला तंबाखूच. तू ती गिळत नसशील, चूळ भरून टाकत असशील, तरी तोवर हिरडीच्या पातळ कातडीतून निकोटीन तुझ्या रक्तात उतरलेलं असतं. तिथून ते वारेतून बाळापर्यंत जातं. निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, वारेकडे जाणारं रक्त कमी पडतं, आणि बाळाचं खाणंपिणं, श्वास, सगळं त्या रक्तावरच चाललेलं असतं.

मुंबईत सुमारे बाराशे गरोदर बायकांना बाळंतपण होईपर्यंत नजरेखाली ठेवून एक अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात बिडी-सिगारेटचा प्रश्न नव्हता, तोंडात ठेवायच्या आणि लावायच्या तंबाखूचाच होता, आणि तो वापरणाऱ्यांत मिश्री लावणाऱ्याच जास्त होत्या. त्यांची बाळं इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. शंभर ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं घरात कोणी म्हणेल. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात. जे बाळ २६०० ग्रॅमचं व्हायचं, ते १०५ ग्रॅम घटलं की त्या रेषेच्या खाली जातं, आणि मग त्याला ऊब टिकवणं, ओढून दूध पिणं, साधी सर्दी सोसणं, सगळंच जड जातं. याच अभ्यासातून पुढे आणखी एक गोष्ट दिसली. बाळ पोटातच दगावण्याचा धोका तंबाखू वापरणाऱ्या बायकांमध्ये अडीच पटींच्या घरात होता. हे वाक्य लिहू की नको, असा मी बराच वेळ विचार केला. पण तू पत्रात "खरंच" हा शब्द घातलास, तेव्हा तुझ्यापासून ते लपवणं मला बरं वाटेना.

आता सासूबाईंचं. त्या खोटं बोलत नाहीत. तिघं धडधाकट आहेत हे खरंच आहे, आणि तसे ते पुष्कळ घरांत असतात. धोका अडीच पट म्हणजे प्रत्येकीचंच बाळ जाणार असं नव्हे. पण त्या काळी घरी बाळंत झालेल्या बाईच्या बाळाचं वजन कुणी लिहून ठेवलं होतं? गावात कुणाचं पोट पडलं, कुणाचं सातव्यातच झालं, ते देवाची मर्जी म्हणून सोडून दिलं जायचं, डबीपर्यंत कुणाचा हात पोचायचा नाही. सासूबाईंशी यावर वाद घालू नकोस. तुला तो वाद जिंकायचा नाही, तुला मिश्री सोडायची आहे.

आणि एक गोष्ट नीट ऐक. बाळाचं बरंचसं वजन शेवटच्या तीन महिन्यांत भरतं. तुला पाचवा चालू आहे. म्हणजे अंग भरायचा त्याचा मुख्य काळ अजून पुढेच आहे. तू योग्य वेळी पत्र लिहिलंस.

माझी आजी कराडकडची. मिश्री भाजायचा दिवस मला आजही नाकाला आठवतो. परसातल्या चुलीवर जुना तवा ठेवायची, त्यावर तंबाखूची पानं. आधी पिवळट धूर, मग पानं कुरकुरीत काळी. आम्हा पोरांना खोकल्याची अशी ढास लागायची की ती ओरडून आम्हाला गल्लीत पिटाळायची, आणि स्वतः पदर नाकाला लावून तिथंच बसायची. मग ते खलून, फडक्यातून गाळून, पत्र्याच्या डबीत. तिच्या तर्जनीचं टोक कायम तपकिरी असायचं, साबणानंही जायचं नाही. डबी रिकामी झाली की दुकानातून तंबाखू आणायला मलाच धाडायची, मीही धावत जायचे.

त्या भाजण्यातच आणखी एक विष तयार होतं. पान जळतं तेव्हा बेंझोपायरीन नावाचा पदार्थ बनतो, सिगारेटच्या धुरात सापडतो तोच. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स तर आधीपासून असतातच. ही दोन्ही कर्करोगाला कारण होतात. धूर नाही म्हणून मिश्री सौम्य, हा समज त्या तव्याशेजारी अर्धा तास बसलं की पुरता जातो.

आजी एकसष्टीची असताना तिच्या खालच्या हिरडीवर गाठ आली. सहा महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. त्याच जागी मिश्री चोळत राहिली, कारण चोळली की जागा बधिर व्हायची. मी तेव्हा दंतवैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुट्टीत घरी गेले आणि तिनं मला तोंड उघडून दाखवलं. पुढचं सगळं इथं लिहीत नाही.

तुझ्या दाढेचंही हेच झालेलं असणार. बारा वर्षांपूर्वी दुखायला लागली, मिश्रीनं ते दुखणं दबलं, कीड आत तशीच राहिली. मिश्रीनं दात स्वच्छ होत नाहीत. खरखरीत पुडीनं मुळाशी झिजतात, हिरडी खाली उतरते आणि दात लांब झाल्यासारखे दिसायला लागतात. आरशात बघ, खालच्या पुढच्या दातांशी तुला ते दिसेल. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ सालीच बंदी आली. घरी भाजलेल्या मिश्रीला मात्र हा कायदा कुठून गाठणार? आणि मिश्री सोडली म्हणून बाजारातल्या भलत्याच लाल-काळ्या मंजनाकडे वळू नकोस. बंदीनंतरही काहींमध्ये निकोटीन सापडलेलं आहे. साधी पेस्ट आणि मऊ ब्रश पुरे. दाढ मात्र दंतवैद्याला दाखव. गरोदरपणात दाताचं काम करत नाहीत असं गावात म्हणतात, ते खरं नाही. उलट चौथा ते सहावा महिना त्यासाठी सगळ्यात सोयीचा. किती महिने झाले ते फक्त आधी सांग.

मिश्री सुटत का नाही, यावर मी फार विचार केला आहे. निकोटीनची ओढ हे एक कारण झालंच. पण आजी दिवसभरात खाली बसायची ती फक्त जेवायला आणि मिश्री लावायला. तोंडात मिश्री असली की तिला कुणी हाक मारायचं नाही, मारली तरी ती हातानंच थांब म्हणायची. ओसरीच्या पायरीवर शेजारच्या दोघी येऊन बसायच्या, डबी फिरायची, सुखदुःख निघायचं. तू लिहिलेल्या वेळा बघ : उठल्यावर, जेवल्यावर, रानातून आल्यावर, झोपताना. प्रत्येक वेळी एक काम संपलेलं आहे आणि दुसरं लागायचं आहे. त्या मधल्या पाच मिनिटांवर तुझा हक्क आहे, आणि या घरात तो हक्क तुला आजवर डबीच मिळवून देत आली. मागे दोनदा तू सोडलीस तेव्हा डबीबरोबर ती पाच मिनिटंही गेली असतील. तिसऱ्या दिवशी चिडचिड झाली यात नवल नाही.

तेव्हा या वेळी बस. त्याच पायरीवर, त्याच वेळी, तेवढाच वेळ. कुणी विचारलं तर सांग, डॉक्टरांनी दिवसातून चार वेळा बसायला सांगितलंय. मी सांगतेय, म्हणजे ते खोटं नाही. हातात कोमट पाण्याचा पेला असू दे, तोंडात चिमूटभर भाजलेली बडीशेप किंवा एखादी वेलची. रानातून आल्यावर हाताला चाळा लागतो, तेव्हा मूठभर शेंगा फोडत बस किंवा फुटाणे खा. जेवल्यावर लगेच ब्रश कर. पेस्टची चव तोंडात असताना मिश्रीची आठवण कमी येते, असं मला बऱ्याच बायकांनी सांगितलं आहे. सुपारी मात्र नको, कातरलेलीही नको आणि पुडीतली गोड तर मुळीच नको. सुपारीत तंबाखू नसला तरी ती एकटीही कर्करोगाला कारण होते, आणि गालाची कातडी आखडून तोंड उघडेनासं होतं ते प्रामुख्यानं तिच्यामुळंच.

तिसऱ्या दिवसाचं वेगळं सांगते. निकोटीन दोन-तीन दिवसांत अंगातून जातं आणि त्याच वेळी त्रास शिगेला पोचतो. म्हणजे तू दोन्ही वेळा चढ जवळजवळ चढून मागे फिरलीस. चौथ्या दिवसापासून उतार लागतो, आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. तलफ येते ती काही मिनिटांची असते, ती दिवसभर टिकत नाही. आल्यावर घड्याळ बघ, पाणी पी, उठून अंगणात दोन फेऱ्या मार. तिसरा दिवस ज्या वारी येईल त्या वारी माहेरी जाता आलं तर जा, मात्र आईची डबी तिथं असेल तर नको जाऊस. एक सांगून ठेवते. डोकं फार दुखलं, डोळ्यांसमोर अंधारी आली किंवा तोंड-हात सुजले, तर ते मिश्री सोडल्यामुळं आहे असं धरून बसू नकोस. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब वाढूनही असं होतं. त्याच दिवशी दवाखाना गाठ.

पोट साफ न होण्याची अडचण खरी आहे, ती मनाची समजूत नाही. निकोटीननं आतड्याला चालना मिळते आणि वर्षानुवर्षं त्याच धक्क्यावर पोट हललं की ते आपलं आपण हलायचं विसरतं. त्यात गरोदरपणात आतडी मंदावतात, आणि लोहाच्या गोळ्या. अर्धा तास लवकर उठ, दोन पेले कोमट पाणी पी, अंगणात चाल, आणि कळ आली नाही तरी रोज ठरल्या वेळी जाऊन बस. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, पेरू, रात्री भिजवलेले मनुके. दहा-बारा दिवसांनीही जमलं नाही तर डॉक्टरीणबाईंकडून इसबगोल विचारून घे.

आणि त्यांना सांगायचं. या तपासणीलाच सांग. "मॅडम, मी मिश्री लावते, दिवसातून चार-पाच वेळा, मला सोडायची आहे." एवढंच वाक्य पाठ करून जा. शेवटचे तीन शब्द ऐकल्यावर बहुतेक डॉक्टर रागवायचे थांबतात. तुझं लोह, रक्तदाब, सोनोग्राफीत बाळाची वाढ, हे सगळं त्या मग वेगळ्या नजरेनं बघतील. त्यांना माहीत नसेल तर बाळाची वाढ कमी दिसली तरी कारण शोधण्यात आठवडे जातील. निकोटीनचं च्युइंगम किंवा तंबाखू सोडवायच्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनानं आणू नकोस. गरोदरपणात त्यांचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. जमलं तर त्या दिवशी सासूबाईंना बरोबर घेऊन जा. सुनेनं सांगितलेलं घरात चालत नाही, पण पांढऱ्या कोटातल्या बाईनं सांगितलेलं चालतं, हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक असेल. त्यांची डबी तुला फेकता येणार नाही आणि तू फेकूही नकोस. एवढंच माग : "आई, बाळ होईपर्यंत माझ्यासमोर लावू नका, माझा जीव ओढतो." नातवासाठी म्हणून बऱ्याच सासवा हे ऐकतात.

एखाद्या दिवशी हात डबीकडे गेलाच, तर त्या दिवशी गेला, एवढंच. दुसऱ्या सकाळी पुन्हा पायरीवर पाण्याचा पेला घेऊन बस. मागचे दिवस वाया जात नाहीत, तेवढे दिवस बाळाला रक्त पुरेसं मिळालेलं असतं. बाळ झाल्यावरही डबी बंदच ठेव, कारण निकोटीन अंगावरच्या दुधात उतरतं.

आता हा भाग दाजींना वाचून दाखव.

दाजी, धूर सोडलात हे फार चांगलं केलंत. बिडी लहान दिसते म्हणून हलकी वाटते, पण तेंदूचं पान नीट पेटत नाही, ती विझू नये म्हणून माणूस पुनःपुन्हा आणि जोरात ओढतो, आणि डांबर छातीत उतरतं. घरात गरोदर बाई आणि उद्या तान्हं बाळ असताना तो धूर पुन्हा येता कामा नये. पण निम्मं सुटलं, हे मला पटत नाही. तळहातावर चुना घालून मळता ना, त्या चुन्यानं निकोटीन झटकन सुटं होऊन रक्तात शिरतं, आणि तोच चुना गालाची आतली कातडी रोज भाजतो. हृदयाला आणि रक्तदाबाला त्रास देणारं निकोटीन बिडीतून आलं काय आणि चिमटीतून आलं काय. आपल्या राज्यात धूर ओढणारे कमीच आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ बिडी-सिगारेट ओढणारे निघाले आणि २४.४ टक्के तोंडातला तंबाखू वापरणारे. म्हणून आपल्याकडचा कर्करोग गालात आणि हिरडीच्या खोबणीत जास्त दिसतो, जिथं बार भरतात नेमका तिथंच. तुमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले आर. आर. पाटील, आपले आबा, २०१५ च्या फेब्रुवारीत तोंडाच्या कर्करोगानं गेले. वय ५७. राज्याचे गृहमंत्री राहिलेला माणूस, उपचारांत काही कमी नव्हतं.

उद्या दाढी करताना उजेडाकडे तोंड करून गाल बोटानं बाहेर ओढा. जिथं बार ठेवता ती जागा नीट बघा. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, यातलं काहीही दिसलं, किंवा आताशा कालवण उगाच झोंबायला लागलं असेल, तर दुखण्याची वाट बघू नका. सुरुवातीला ते दुखतच नाही. मग तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून बघा. मावत नसतील तर तोंड आखडायला लागलंय. यातलं काहीच नसलं तरी वर्षातून एकदा दंतवैद्याला दाखवा. तुमच्यासाठी निकोटीनचं च्युइंगम चालू शकतं, दंतवैद्याला विचारून घ्या, आणि साध्या गमसारखं चघळू नका : सावकाश चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, तिथं तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळतं. पुडीवरच छापलेला १८००-११-२३५६ हा फुकट नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. दोघांनी एकाच दिवशी सुरुवात करा. रात्री एकानं चिमूट मळायची आणि दुसरीनं डबी बंद ठेवायची, असं एका खोलीत निभत नाही.

पोरी, आता तुझ्याकडे पुन्हा. दिवस तूच ठरव, पण तपासणीच्या किमान चार दिवस आधीचा ठरव, म्हणजे तिसरा दिवस मागे टाकूनच तू डॉक्टरीणबाईंसमोर बसशील. नवी मिश्री भाजायची असेल तर ती भाजू नकोस, घरात दुसरं कुणी भाजणार असेल तर तू आणि तुझं पोट त्या धुरात थांबू नका. तपासणीहून आलीस की मला लिही : बाळाचं वजन किती सांगितलं, सासूबाई काय म्हणाल्या, आणि पायरीवर बसलेलं कुणी उठवलं का.